हात बांधून शिकवणाऱ्या मास्तरीणबाई

मला शिकवताना मास्तरीणबाई स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळत आणि पदराचं टोक कमरेला घट्ट खोचून बसत. बघणाऱ्याला वाटावं, बाईंना हीव भरलंय. भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या माडीवर, पंखा बंद पडलेला असतानाही त्या तशाच बसत. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तर खांद्याला टिपत, पण हात बाहेर काढत नसत. क्लासातल्या पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारून हसायच्या. बाईंना त्याचं काही नव्हतं.

हे असं का, ते सांगतो. त्याआधी माझं थोडं सांगावं लागेल. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस. घाटनांदूरच्या बाजूला आमची वस्ती, शेळ्या-मेंढ्यांमागं सगळं आयुष्य गेलं. उन्हाळ्यात जितराबाला पाला नव्हता म्हणून लोखंडी पाइपाला आकडी बांधून बाभळीचा डहाळा ओढत होतो. वरून विजेची मोठी लाइन गेलेली. आकडी निसटली आणि तारेला लागली. मी वाचलो, हात वाचले नाहीत. दोन्ही खांद्यापासून काढले. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आजही मला कुणी ‘बिचारा’ म्हटलं तर मी त्याच्या ओट्यावर पाणी पीत नाही.

तो काळ गावोगाव एसटीडीचे बूथ उगवण्याचा होता. जिथं टपाल आठवड्यानं यायचं, तिथं काचेच्या खोक्यात उभं राहून लोक पुण्या-मुंबईशी बोलायला लागले. अपंग म्हणून मलाही एक बूथ मिळाला. बाजारतळाला लागून जागा होती. पाटीवर माझं नाव. पण नंबर फिरवणार कोण? माझा धाकटा भाऊ महादू म्हणाला, “दादा, तू निवांत सावलीत बस. मी हाय की.” त्याच्या मनात काळं नव्हतं. पण मी बाहेर बाकड्यावर बसायचो आणि येणारा-जाणारा विचारायचा, “का बे, दुकान तुझं, अन तू दुकानाच्या भाईर?” ते मला कापल्यासारखं लागायचं. तोंडात पेन्सिल धरून नंबर दाबून पाहिला. बाजारातली माणसं काचेला नाकं लावून बघायला लागली, जसं काही दरवेशी आलाय. पेन्सिल थुंकली ती परत धरली नाही.

बाजारतळासमोर आप्पांचं किराणा दुकान होतं. आप्पा म्हणजे लिंगायत घरातला जुना व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. त्यांची धाकटी सून लातूरला कॉम्प्युटर शिकून आलेली. तिनं दुकानाच्या माडीवर क्लास काढला. त्याच आमच्या मास्तरीणबाई. वयानं माझ्या लेकीएवढ्या. पण मी त्यांना ‘बाई’च म्हणायचो आणि त्या मला ‘मामा’.

एके दिवशी बाई फोन करायला बूथवर आल्या. मी बाकड्यावर बसून महादूवर ओरडत होतो, कारण त्यानं एका म्हातारीचा नंबर चुकवला होता. बाईंनी फोन केला, बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “मामा, तुमचा आवाज माझ्या माडीवर ऐकू येतो.”

मला वाटलं तक्रार आहे. म्हणालो, “मग खिडकी लावून घ्या.”

“तसं नाही. या आवाजाला कामाला लावायचं का, असं विचारते आहे.”

त्यांचा भाऊ हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्यानं एक सीडी पाठवली होती. ती कॉम्प्युटरात घातली की माणूस बोलेल ते यंत्र करतं. हात नको, बोट नको. नंबर सुद्धा लावतं. मी म्हणालो, “बाई, थट्टा करायला मीच घावलो का?” त्या म्हणाल्या, “थट्टा करायला मला वेळ नाही. उद्या दुपारी या.” आणि निघून गेल्या. त्यांची ही रीत होती. समजूत घालत बसायच्या नाहीत.

पहिल्या दिवशी घरवालीला संगं घेऊन गेलो. पोरींच्या मागं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढं मला बसवलं. कानाला लावायचं यंत्र, त्याला तोंडासमोर येणारी दांडी. ते फेट्यावरून बसेना. बाईंच्या नवऱ्यानं जिन्यातून डोकावून आवाज दिला, “फेटा काढून ठेवा की, मामा.” मी म्हणालो, “फेटा निघनार न्हाई. मी निघतो.” बाई उठल्या. यंत्र घेऊन खाली गेल्या, समोरच्या शिंप्याकडून त्याला रुंद इलास्टिक शिवून आणलं आणि माझ्या घरवालीच्या हाती दिलं. “काकू, बसवा फेट्यावर.” बसलं. पुढं कधी त्यांनी ती गोष्ट काढली नाही.

त्याच दिवशी भांडण झालं. यंत्र माझं ऐकेना. मी एक सांगायचो, ते भलतंच उघडायचं. बाईंना राहवलं नाही. त्यांनी पटकन एक बटण दाबलं आणि माझं काम करून टाकलं. मी उठलो. “माजं काम तुमीच करायचं आसंल तर मला कावून बोलावलं? महादू हाय की फुकटचा!” जिना उतरून थेट घरी आलो. परत गेलो नाही.

नंतर बाई स्वतः बूथवर आल्या. बाजाराचा दिवस, सगळी माणसं बघताहेत. म्हणाल्या, “चूक माझी झाली. हाताला सवय आहे, तो मध्येच जातो. उद्यापासून मी हात बांधून बसते.” मला वाटलं, बोलायची रीत असेल. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खरंच पदरात हात बांधून बसलेल्या. त्या दिवसापासून यंत्र कितीही अडलं, पोरींचा वेळ कितीही गेला, तरी ते हात कधी सुटले नाहीत. शिकवणाऱ्या माणसाला मध्ये न पडता नुसतं बघत बसणं फार अवघड हो! पण मी शिकलो ते त्यामुळेच.

यंत्राला आधी आपला आवाज शिकवावा लागायचा. पडद्यावर इंग्रजी यायचं आणि ते वाचून दाखवायचं. मी मराठीच अडखळत वाचणारा. म्हणून बाई हळू आवाजात एकेक तुकडा सांगायच्या आणि मी त्यांच्यामागं म्हणायचो. काय म्हणतोय ते मला कळत नव्हतं. एकदा वैतागून म्हणालो, “निजाम गेला, इंग्रज गेला, अन आता ह्या डब्यासाटी इंग्रजी कावून बोलायची?”

बाई म्हणाल्या, “मामा, शेळ्यांना तुम्ही ‘ट्र्रर्र हुर्र’ करता, ते मराठी आहे का?”

“न्हाई.”

“मग शेळ्यांसाठी वेगळं बोलता, याच्यासाठीही बोला. ज्याला जे समजतं ते.”

पोरी फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं. पण मी तोंड फिरवून हसलो.

तरी मी विचारायचोच, “हे जे म्हनवून घेता, ते कशाचं हाय?” त्या अर्थ सांगायच्या. एक मजकूर समुद्राचा होता. मी म्हणालो, “समुद्र म्या पाह्यला न्हाई.” बाई म्हणाल्या, “मी पण नाही. आपण दोघं वाचूनच घेऊ.” आप्पांच्या माडीवर पत्र्याखाली आम्ही दोघांनी इंग्रजीत समुद्र वाचला.

माझी मोठी अडचण आवाजाचीच होती. डोंगराच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाच्या कळपाला वळवायची सवय. “टू” म्हणालो की खाली गिऱ्हाईक दचकायचं. एकदा आप्पांनी जिन्यात येऊन विचारलं, “सूनबाई, वर शेळ्या चढवल्या का?” बाई मला सांगायच्या, “ओरडू नका, मामा. शेजारच्या माणसाला चुना मागता ना, तेवढ्याच आवाजात बोला.” आणि यंत्र चुकलं की माझा आवाज चढायचा, आवाज चढला की ते आणखी चुकायचं. तेव्हा त्या एकच वाक्य म्हणायच्या. ते त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला झोपेतही ऐकू येतं: “एकदा सांगा, सरळ सांगा, मग गप्प बसा. नाही ऐकलं तर परत तसंच सांगा. रागावून सांगितलं की तो शब्द दुसरा होतो.”

हे यंत्रापुरतंच होतं असं नाही. महादूशी मी जन्मभर ओरडून बोललो होतो. एकदा घरी त्याला काहीतरी सांगायचं होतं. सहज, चुना मागायच्या आवाजात सांगितलं. तो हातातली भाकरी ठेवून माझ्याकडं बघत राहिला. “दादा, तुझी तब्येत बरी हाय ना?” म्हणाला.

हळूहळू जमलं. “वेक अप” म्हटलं की यंत्र जागं व्हायचं, “गो टू स्लीप” म्हटलं की झोपायचं. मधल्या वेळात एक-एक आकडा मोकळा मोकळा सांगायचा, आणि शेवटी “डायल”. बाईंनी आप्पांना सांगून क्लासातला एक जुना कॉम्प्युटर बूथवर आणून ठेवला. फोनची तार त्यातून फिरवून घेतली. कॉम्प्युटरनं नंबर लावायचा, गिऱ्हाइकानं काचेच्या खोक्यात रिसीव्हर उचलायचा. आप्पा एवढंच म्हणाले, “धूळ खात पडला होता. बोलनाऱ्या मानसाजवळ ऱ्हाईल.” सकाळी बूथ उघडला की मी आधी यंत्राला उठवायचो. महादू म्हणायचा, “दादाची काकडआरती सुरू झाली.”

तेवढ्यात कुणीतरी तक्रार केली, की बूथ अपंगाच्या नावावर आहे आणि चालवतो दुसराच. खोटं नव्हतं. आत्तापर्यंत तसंच होतं. तपासायला टेलिफोन खात्याचे साहेब येणार असा निरोप आला. महादू घाबरला. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाला, “दादा, माज्या नावावर करून टाकू का? घरातच ऱ्हाईल.” मी म्हणालो, “घरात ऱ्हाईल, पन मी बाकड्यावर ऱ्हाईन.”

ऊसतोडीचा हंगाम होता. गावातली निम्मी माणसं कोयते घेऊन कारखान्यांवर गेलेली. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बूथवर रांग लावायच्या. कारखान्याजवळच्या एखाद्या हॉटेलाचा नंबर असायचा, तिथं निरोप ठेवायचा. साहेब आले तेव्हा अशी भरली रांग होती. साहेब वाईट माणूस नव्हता. प्रवासानं दमलेला होता. पाणी प्याला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही स्वतः एक नंबर लावून दाखवा. बस, बाकी मला काही नको.”

घरवालीनं सकाळीच मला तयार केलं होतं. धुतलेलं धोतर, नवा फेटा, लिंबाच्या काडीनं दात घासलेले. मी यंत्रासमोर बसलो. “वेक अप.” काही नाही. परत म्हणालो. पडदा तसाच. जागं झालं ते पाचव्या-सहाव्या हाकेला, आणि आकडे सांगितले ते भलतेच उमटले. पुसले, परत सांगितले, परत भलतेच. कालपर्यंत पाळीव कुत्र्यासारखं ऐकणारं यंत्र मला ओळखेचना. मागं रांगेत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, “आरं महाद्या, लाव बाबा तूच. माजं लेकरू तिकडं वाट बघत आसंल.”

साहेब खुर्चीतून उठले. “आजोबा, वाईट वाटून घेऊ नका. भावाच्या नावावर अर्ज करा. मी पुढं पाठवतो. बिघडलं कुठं?”

कुठं बिघडलं! महादूनं मान खाली घातली होती.

बाई रांगेच्या शेवटी उभ्या होत्या. क्लास सोडून आल्या होत्या. त्या पुढं आल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, “मामा, आज तोंड रिकामं आहे का?”

आता हे सांगणं भाग आहे. मी तंबाखू खायचो. बाईंना तिचा भारी तिटकारा. क्लासात तंबाखूवाल्याला जागाच नव्हती. आप्पांच्या गिऱ्हाइकांनासुद्धा त्या जिन्यात थुंकू देत नसत. म्हणून मी घरवालीकडून बार भरून घ्यायचो, गालात दाबायचो आणि तसाच वर जायचो. मला वाटायचं, बाईंना कळत नाही. तर यंत्रानं माझा आवाज पहिल्या दिवसापासून गालात तंबाखू धरलेलाच ऐकला होता. रोज बूथवरही तसाच ऐकला होता. आज मोठा साहेब येणार म्हणून आम्ही अदबीनं तोंड धुऊन बसलेलो. यंत्राला हा माणूसच नवा होता.

मी मान हलवली. “साहेब येनार म्हनून...”

“काकू, चंची आणा,” बाई म्हणाल्या.

घरवाली लाजून चूर झाली. साहेबासमोर नवऱ्याच्या तोंडात तंबाखू कशी भरायची? तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि कनवटीची चंची काढून बाईंच्या हातात दिली. मला वाटलं बाई ती महादूला देतील. नाही दिली. बाईंनी स्वतः तळहातावर तंबाखू घेतली. चुना किती घ्यायचा ते ठाऊक नाही. नखानं भला मोठा गोळा काढला. अंगठ्यानं मळायला लागल्या. आप्पांच्या घरची सून, कपाळाला भस्म, भर बाजारात उभी राहून तंबाखू मळते आहे! रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. साहेब बघतच राहिले. बाईंना शिंक आली, त्यांनी तोंड फिरवलं, परत मळली, दोन थापा मारल्या आणि म्हणाल्या, “आ करा.”

मी आ केला. चुन्यानं गालाची आग आग झाली. डोळ्यांत पाणी आलं. ते चुन्याचंच होतं असं मी म्हणणार नाही.

बाई मागं सरकल्या आणि पदरात हात बांधून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “साहेब, कॉम्प्युटरला मी हात लावलेला नाही. तंबाखूला लावला आहे. तो तुमच्या नियमात बसतो का, बघा.”

साहेब हसले. “बरं, माझ्या घरचा नंबर लावा,” म्हणाले आणि एकेक आकडा सांगितला. मी बार गालात नीट बसवला. चुना मागायच्या आवाजात म्हणालो, “वेक अप.” यंत्र जागं झालं. आकडे सांगितले, एकामागं एक बरोबर उमटले. “डायल.” यंत्रातून ती किर्रकिर्र आली आणि मग पलीकडं घंटी. साहेबांनी खोक्यात जाऊन रिसीव्हर उचलला. काचेचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून सगळ्या रांगेनं ऐकलं, “अगं, मी बोलतोय... नाही, काही झालं नाही... कामावरच आहे गं... बरं, दोडके आणतो.”

बूथ माझ्या नावावर राहिला. साहेब गेल्यावर महादूनं बाकडं उचललं आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांना बसायला आत आणून ठेवलं. मी पुन्हा कधी त्यावर बसलो नाही.

संध्याकाळी मला काळजी आप्पांची होती. सुनेनं बाजारात तंबाखू मळली हे त्यांच्या कानावर गेलंच असणार. मी भीत भीत दुकानापुढून चाललो होतो. आप्पांनी तराजूतनं मान वर केली. “चुना जास्ती झालता म्हनं?”

“लई जास्ती, आप्पा.”

“शिकंल,” आप्पा म्हणाले आणि साखर जोखायला लागले.

बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी मला माडीवर बोलावलं आणि म्हणाल्या, “आता तोंड रिकामं ठेवून परत सगळा आवाज शिकवायचा. तंबाखू सुटली तर यंत्र अडायला नको.” पुन्हा तो समुद्र, पुन्हा ती इंग्रजी. मी कुरकुर केली, पण शिकवला. यंत्रात मग माझ्या नावाचे दोन आवाज झाले. तंबाखू मी पुढं खरंच सोडली. कुणाच्या सांगण्यावरून सोडली असं मात्र समजू नका. माझ्या मनानं सोडली.

आता यंत्रं फार पुढं गेलीत. हे सगळं मी फोनपुढं बोलतो आहे, आमच्या बोलीत, आणि अक्षरं आपोआप उमटताहेत. नातसून चुका तेवढ्या नीट करते. या फोनला आधी काही शिकवावं लागलं नाही. सोय झाली, खोटं कशाला बोलू! पण कुणी समोर हात बांधून, घाम टिपत, आपल्याला वेळ देत बसलंय, हे या फोनला करता येणार नाही.

चार गावांत मोठ्या पाट्यांचे, थंड हवेचे कॉम्प्युटर क्लास निघाले तेव्हा बाईंच्या माडीवरच्या पोरी कमी झाल्या. त्यांच्या नवऱ्याला सोलापूरला काम मिळालं. सामानाचा टेम्पो दुकानापुढं लागला. गाव त्यांना भेटायला दुकानापाशी जमलं. मी बूथ सोडून जाणार तेवढ्यात बाईच आल्या. हंगाम होता, रांग होती. मी म्हणालो, “बाई, तुमी पुढं या.” त्यांनी ऐकलं नाही. रांगेतच उभ्या राहिल्या.

त्यांची पाळी आली. सोलापूरच्या घरमालकाचा नंबर त्यांनी सांगितला, अगदी एखाद्या परक्या गिऱ्हाइकासारखा. मी लावला. त्या खोक्यात गेल्या, “हो, निघालोच आता,” एवढंच बोलल्या आणि बाहेर आल्या. मला कितीतरी बोलायचं होतं. मी दोन दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. फेटा सावरायला म्हणून मी मान हलवली आणि तोंड उघडलं.

बाई रांगेत आता पुढं आलेल्या म्हातारीकडं बघून म्हणाल्या, “मामा, त्यांचा मुलगा हॉटेलावर येऊन थांबला असेल. त्यांचा नंबर लावा आधी.”

मी यंत्राकडं वळलो. म्हातारी पदराची गाठ सोडून, नंबर लिहिलेली कागदाची घडी शेजारच्या बाईकडून वाचून घेत होती. एकेक आकडा येईल तसा मी सांगत गेलो. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही, आवाज चढवला नाही. “डायल,” म्हणालो. पलीकडं घंटी वाजली, कुणीतरी उचललं, आणि म्हातारी काचेच्या खोक्यात “बाळा, जेवलास का रं?” म्हणून रडायला लागली. तेव्हा मी बाहेर पाहिलं. रस्त्यावर धूळ होती, आणि दुकानाच्या पायरीवर आप्पा एकटेच उभे होते. ते माझ्याकडं बघत होते. मी तिथूनच त्यांना मान लववली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणालो, “हं, सांगा नंबर.”